१३-० असूनही बाहेर! मग ६३-३ ने नेमकं काय सिद्ध झालं?

उंडगा: काल इथे अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या गप्पांत एकाने ठोकून दिलं की 'ऑरेंज बोलमध्ये जॉर्जियाने ६३-३ धुतलं, म्हणजे २०२३ला फ्लोरिडा स्टेटला प्लेऑफबाहेर ठेवलं तेच योग्य.' (तेराच्या तेरा सामने जिंकूनही निवड समितीने विजेतेपदासाठीच्या चार संघांत त्यांना घेतलं नाही, एक सामना हरलेल्या अलाबामाला घेतलं; ऑरेंज बोल हा त्यानंतरचा, प्लेऑफबाहेरचा सामना.) तिथे उत्तर लिहायला घेतलं ते लांबतच गेलं, म्हणून हा वेगळा धागा. अहो, त्या दिवशी उतरलेला संघ हंगाम खेळलेला संघ होता का? निम्मे मोहरे आधीच निघून गेलेले! एलएसयूला ४५-२४ हरवलं, क्लेमसनला त्यांच्याच मैदानावर जादा वेळेत, आणि मुख्य क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा खेळाडू) ट्रॅव्हिसचा पाय मोडल्यावरही फ्लोरिडा विद्यापीठ आणि लुईव्हिलला. आणखी काय करायला हवं होतं, लोटांगण?

तिरकस: लुईव्हिलचा सामना पाहिलात की नुसता निकाल वाचलात? १६-६. तिसऱ्या नंबरचा क्वार्टरबॅक, चेंडू पुढे सरकेना, बचावफळीने अब्रू राखली. प्रमुख खेळाडू नसतील तर ते विचारात घ्यायचं, हे समितीच्या नियमांतच आहे. त्याच दिवशी अलाबामाने जॉर्जियाची सलग २९ विजयांची मालिका तोडली.

उंडगा: आणि त्याच अलाबामाला आदल्या आठवड्यात ऑबर्नशी चौथ्या डाउनला (म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला) ३१ यार्ड हवे असताना देव पावला! शिवाय टेक्सासकडून घरच्या मैदानावर हरलेत, ते विसरायचं. २०१४ला ओहायो स्टेटचाही तिसराच क्वार्टरबॅक होता, त्यांना कसं घेतलं?

तिरकस: त्या क्वार्टरबॅकने विस्कॉन्सिनला ५९-० मारलं होतं. ५९ आणि १६ यांतला फरक कळतो ना?

मिरची_ताई: ट्रॅव्हिसचा पाय मोडला त्या रात्री मी टॅलाहॅसीत, फ्लोरिडा स्टेटच्या स्टेडियममध्ये होते. नॉर्थ अलाबामासारखा लिंबूटिंबू संघ, त्यामुळे सगळे निवांत. ट्रॅव्हिसला गाडीवरून नेलं तेव्हा शेजारचे आजोबा टोपी काढून उभे राहिले आणि बराच वेळ बसलेच नाहीत. समितीचा निर्णय आल्यावर त्या पोराने काय लिहिलं माहितीये? पाय हंगामात आधीच मोडला असता तर बरं झालं असतं, म्हणजे हा संघ एकट्या क्वार्टरबॅकचा नाही हे दिसलं असतं. जखमी पोराला असं वाटावं? मला नियम सांगू नका.

टीए_माजी: रडू येतंय खरं, पण स्वतःच्या पगारासाठी. एका विद्यापीठात चार वर्षं टीए (शिकवायला मदत करणारा साहाय्यक) होतो. आमच्या प्रयोगशाळेचं छत गळायचं आणि खिडकीतून नव्या सरावगृहाचं बांधकाम दिसायचं. या हंगामानंतर फ्लोरिडा स्टेटचे प्रशिक्षक नॉर्वेल यांचा करार वर्षाला १ कोटी डॉलरच्या वर गेला. आणि पोरांना म्हणायचं विद्यार्थी खेळाडू?

तिरकस: विषय काय, चाललंय काय.

टीए_माजी: विषय हाच आहे! शेवटचा सामना सोडून निघून गेले म्हणून पोरांना नावं ठेवता, आणि प्रशिक्षक मध्येच दुसरीकडे गेला की 'करिअर'.

मिरची_ताई: नावं कुणी ठेवली? नीट वाचा की.

उंडगा: टीए साहेब, तुमच्या छताचं फुटबॉलशी काय नातं? टीव्हीचा पैसा त्यातूनच येतो.

टीए_माजी: येतो आणि तिथेच जिरतो. मला चार वर्षांत एक बादली मिळाली, तीही मीच मागितली म्हणून.

तिरकस: बादलीबद्दल सहानुभूती. आता मुद्दा. पुढच्या हंगामात हाच फ्लोरिडा स्टेट २-१०, म्हणजे दोन विजय, दहा पराभव. एवढंच.

उंडगा: पुढच्या वर्षीच्या नापासावरून आदल्या वर्षीचे गुण कापता? वा! मग अलाबामा तरी कुठे जिंकली, मिशिगनने प्लेऑफच्या उपांत्य सामन्यात, रोज बोलमध्ये, २७-२० ने घरी पाठवलंच की.

तिरकस: जादा वेळेत. ६३-३ ने नाही. बरं, एवढं मान्य की १३-० वाल्याला बाहेर ठेवायचं तर सामने खेळवायचेच कशाला, समितीने उन्हाळ्यातच यादी काढावी. खूश?

उंडगा: नाही. पण २०२४पासून प्लेऑफमध्ये चाराचे १२ संघ केलेच ना त्यांनी.

मिरची_ताई: एक वर्ष उशिरा.

टीए_माजी: आणि छत अजून गळतंय.