मदत हवी आहे: गल्लीत घुसणारं पाणी तळ्यात सोडावं का? (अथणी तालुका, पूर्व भाग)

नमस्कार मंडळी,

आमचं गाव अथणी तालुक्यात, महाराष्ट्रातल्या जतच्या हद्दीला लागून. नाव मुद्दाम लिहीत नाही, गावातले बरेच जण इथं वाचत असतात. बेळगाव जिल्हा म्हटलं की लोकांना कणकुंबीचा धो धो पाऊस आठवतो, नाहीतर 2005 आणि 2019 चा कृष्णेचा पूर. आमच्या वाट्याला दोन्ही नाही. वर्षाला साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पडला तर साल चांगलं गेलं म्हणायचं. मार्चपासून टँकरकडे डोळे लावून बसणारं गाव, आणि मी विचारतोय पुराबद्दल. तेव्हा आधी हसून घ्या.

गावाच्या उत्तरेला माळ आहे, तिथून एक ओढा येतो. कन्नड शेजारी त्याला हळ्ळ म्हणतात. अकरा महिने त्यात शेळ्या चरतात, पोरं क्रिकेट खेळतात. गेल्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस एका संध्याकाळी तासभर झोडपून गेला आणि आमच्या गल्लीत मांडीएवढं पाणी आलं. जोंधळ्याच्या पिठाचा डबा तरंगत दाराकडे निघाला, तो आईनं धरला. झाकण घट्ट होतं, पीठ कोरडं राहिलं, पण डब्याला वास लागला तो शेणाचा आणि डिझेलचा. चार वेळा घासून गेला नाही. पाणी दीड तासात ओसरलं. भिंतीवर रेघ अजून आहे: खाली गाळ, आणि त्याच्यावर बोटभर रुंद तेलकट पट्टा.

आठवड्याभरात गल्लीतली लहान पोरं जुलाबानं पडली. तळ्याशेजारी सार्वजनिक विहीर आहे, नळाला पाणी नसलं की तीच. पंचायतीतल्या पाणी तपासायच्या किटच्या बाटलीत तिचं पाणी घालून ठेवलं, दुसऱ्या दिवशी बाटली काळी.

आता गल्लीतून दोन फूट बाय दोन फूट काँक्रीटचं गटार काढून ते तळ्यात सोडायचं ठरतंय. सगळे खूश. गल्ली कोरडी, तळं भरलेलं. मी ग्रामसभेत विहिरीचा विषय काढला तर एक जण म्हणाला, "शिकलास म्हणून आता पावसालाबी नावं ठेवतोस काय?"

तर विचारायचं हे, की त्या गटारानं पूर खरंच थांबेल का? आणि ते पाणी तळ्यात गेलं तर विहिरीचं काय? अर्ज कन्नडात द्यावा लागेल, त्याची काळजी नको, बायको लिहिते. मुद्दे तेवढे पक्के हवेत.

— हळ्ळकाठ

जुना_ओव्हरसिअर: दादा, गटाराचं माप सांगितलंत, पाण्याचं माप कुठाय? ओढ्याला पाणलोट किती, म्हणजे किती जमिनीचं पाणी त्यात येतं? गावाच्या अंगाला रस्त्याखालून पाणी जायला मोरी आहे का, कितीच्या पाइपांची? त्या तासात पाऊस किती पडला? पर्जन्यमापक नसेल असं म्हणू नका. कर्नाटकात आपत्ती निरीक्षण केंद्राचे आपोआप नोंद घेणारे मापक ग्रामपंचायत पातळीवर बसवलेत, दर पंधरा मिनिटांचा आकडा जातो. 'वरुण मित्र' हेल्पलाइनला फोन लावा.

हळ्ळकाठ: काका, दोन दिवस लागले. पाऊस तासात साठच्या जवळपास. पाणलोट इस्रोच्या 'भुवन' नकाशावर आखून काढलं, साधारण 40 हेक्टर, त्यातलं निम्मं जत तालुक्यात. गंमत म्हणजे पंचायतीतल्या नकाशात हद्दीपलीकडे नुसता पांढरा कागद आहे. पाणी तिथनंच येतं. मोरीला तीन फुटी दोन पाइप, एक बाभळीच्या काट्यांनी आणि प्लास्टिकनं गच्च. आणखी एक दिसलं. रस्त्यावर दोनदा थर चढलाय, त्यामुळे रस्ता घरांच्या जोत्यापेक्षा वर आलाय.

जुना_ओव्हरसिअर: मग तो रस्ता राहिला नाही, बांध झाला. आता हिशेब बघा. पाऊस मिलिमीटर-ताशी, क्षेत्र हेक्टरात, दोन्हींचा गुणाकार करून त्याला वाहून जाण्याच्या प्रमाणानं गुणायचं आणि 360 नं भागायचं. उघडा माळ आणि भिजलेली काळी जमीन, प्रमाण निम्मं धरू. 0.5 × 60 × 40 भागिले 360, म्हणजे सेकंदाला 3.3 घनमीटर. तुमच्या दोन फुटी गटारात पाणी जोरात, सेकंदाला दोन मीटरनं धावलं तरी जाईल पाऊण घनमीटरच्या आत. पुराच्या पाचव्या हिश्शासाठी आख्खी गल्ली खोदणार?

मोरीचे दोन्ही पाइप मोकळे असते तर अडीच घनमीटर निघालं असतं. एक तुंबलेला, म्हणून निम्मं. पहिलं काम: काटे काढा, वरच्या अंगाला दगडी जाळी करा आणि तिसरा पाइप मागा. त्याला गटाराच्या मानानं खर्च फार नाही. पण जाळी दर पावसानंतर साफ करणारा माणूस ठरवा, नाहीतर तीच तुंबून रस्त्यावरून पाणी येईल. अशा जाळ्या मी नोकरीत पुष्कळ बसवल्या आणि पुष्कळ तुंबलेल्या बघितल्या.

चिकोडीकर: एवढं कशाला. बंद पडलेली बोअर असेल ना गावात? गल्लीचं पाणी सरळ तिच्यात सोडा. पूरही नाही, जमिनीतल्या पाण्याचं पुनर्भरणही झालं.

निपाणीची_सून: चिकोडीकर, हे कृपा करून कुणी करू नका. मी पाणी तपासणीच्या कामात आहे. अथणीकडे खाली काळा पाषाण, त्यात पाणी भेगांतून हिंडतं. वाळूत गाळून जातं तसं इथं गाळलं जात नाही. आज बोअरमध्ये सोडलेलं शेण उद्या शेजारच्या बोअरमधून तांब्यात येऊ शकतं. बोअरचं पुनर्भरण करायचं तर छपराचं पाणी घ्या, तेही पहिल्या सरी सोडून देऊन, दगड-खडी-वाळूच्या गाळणीतून. रस्त्याचं नको.

हळ्ळकाठ दादा, तुमच्या भिंतीवरची रेघ मला फार बोलकी वाटली. तुमच्या गल्लीत दोन पाणी एकत्र झाली. माळाचं पाणी गढूळ असतं, म्हणजे मुख्यतः माती. गाळ बसायला जागा दिली की ते तळ्याला चालतं. दुसरं गावाचं: उकिरडे, गोठे, उघडी गटारं, ट्रॅक्टरच्या गॅरेजचं तेल. हे पाणी थोडं, पण खरं विष त्यातच. कोरड्या मुलखात याची गोम वेगळी. कोकणात पावसाळा लागला की पाऊस रोजच धुतो, मध्ये साचायला वेळ नसतो. तुमच्याकडे चार-पाच महिने सगळं रस्त्यावर वाळत पडतं, आणि वळवाची पहिली मोठी सर ते एका दमात उचलून नेते. मध्ये महिनाभर उघडीप पडली की पुन्हा तेच. पंचायतीचं गटार नेमकं हे पाणी गोळा करून विहिरीशेजारी नेऊन ठेवणार.

ही दोन पाणी भेटूच देऊ नका. माळाचं पाणी गावाबाहेरून चर काढून तळ्याकडे, वाटेत गाळाचा खड्डा. गावाचं वेगळं, तळ्याच्या खालच्या अंगाला. गावठाण किती आहे?

हळ्ळकाठ: सव्वासात एकर, म्हणजे तीन हेक्टर धरा.

निपाणीची_सून: मग पावसाचे पहिले 10 मिलिमीटर पकडायचे. तीन हेक्टरवर ते 300 घनमीटर होतात, त्यातलं वाहून येणारं 180 च्या आसपास. 10 मीटर लांब, तेवढाच रुंद आणि दोन मीटर खोल खड्ड्यात मावतं. शेतातल्या कृषी होंड्यापेक्षा, म्हणजे शेततळ्यापेक्षा, फार मोठं काम नाही. शोषखड्डा मात्र म्हणू नका. काळी माती भिजली की फुगते आणि पाणी धरून बसते, महिनाभर डास. तळाशी कडेला पाइप ठेवून दोन-तीन दिवसांत पाणी हळूहळू पुढच्या वाफ्यात सोडा, कर्दळ लावा, कडेनं बांबू. खड्डा भरला की नंतरचं पाणी बाजूनं निघून गेलं पाहिजे, खड्ड्यातून नाही, नाहीतर बसलेली घाण पुन्हा उठते. कुंपण घाला, पोरं पोहायला जातील. तेलाचा बंदोबस्त गॅरेजच्या दारातच करा. जुनं ऑइल डब्यात धरलं की अर्धं काम झालं.

विहीर आधी. व्यास आणि पाण्याची खोली कळवा.

हळ्ळकाठ: व्यास 5 मीटर, पाणी सध्या 4 मीटर.

निपाणीची_सून: साधारण 78,500 लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ब्लीचिंग पावडर, म्हणजे 200 ग्रॅम. पूर येऊन गेला की पहिल्यांदा दुप्पट. बादलीत कालवा, चुन्याचा साका खाली बसू द्या, वरचं पाणी विहिरीत सोडून बादलीनं ढवळा, तासभर उपसू नका. तासानं क्लोरिन लिटरला अर्धा मिलिग्रॅम शिल्लक दिसलं पाहिजे. पंचायतीतलं वर्षभर तोंड उघडं असलेलं पोतं वापरू नका, त्यात जीव उरलेला नसतो. आणि विहिरीचा कठडा उंच करून भोवती फरशी, पाणी बाहेर उतरेल अशा ढाळानं. पाणी प्रयोगशाळेत द्या, नायट्रेटही बघायला सांगा. मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम. काळी बाटली फक्त जंतूंचा इशारा देते, उकिरड्याचं नायट्रेट तिला दिसत नाही, आणि ते पाणी उकळूनही जात नाही.

जुना_ओव्हरसिअर: ताईंचं म्हणणं मान्य. फक्त एक. माळाचं सगळं पाणी तळ्याकडे वळवलं तर एका तासात बारा हजार घनमीटर जाईल. सांडवा, म्हणजे तळं भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट, मोकळा आहे का? नसेल तर बांध फुटेल, आणि मग गल्ली नाही, आख्खं गाव मला शिव्या देईल. आधी सांडवा बघून या.

हळ्ळकाठ: बघून आलो. काल रविवारी आम्ही सहा जणांनी मोरीतले काटे काढले, दोन ट्रॉल्या निघाल्या, त्यात एक आख्खी सायकल. विहिरीत पावडर टाकली. बायकोनं अर्ज लिहायला घेतलाय, गटाराऐवजी तिसरा पाइप, बाहेरचा चर आणि खड्डा. काकांचा हिशेब तिनं जसाच्या तसा घातलाय.

सांडवा आहे. म्हणजे होता. त्याच्या तोंडात माती भरून सपाट केलीय आणि वर कडब्याची गंजी आहे, चांगली दोन पुरुष उंच. गंजी आमच्या थोरल्या चुलत्यांची. ग्रामसभेत पावसाला नावं ठेवतो म्हणणारे तेच. कडबा उन्हाळ्याला पुरवायचाय, हलवा म्हटलं तर घरात वर्षभर बोलणं बंद होईल. वळवाला अजून तीन महिने आहेत. असं कुणी घरच्याच माणसाकडून मोकळं करून घेतलंय का? कसं काढलंत, ते सांगा की.