राष्ट्रीय उद्यानात उन्हाळी नोकरी आणि कंपनीचीच खोली: काय बघून हो म्हणावं?

पाऊलवाट
मुलगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, अमेरिकन नागरिक. यलोस्टोनमध्ये लॉज चालवणाऱ्या कंपनीकडून हाउसकीपिंगची ऑफर आली आहे, १० मे ते ३० सप्टेंबर. राहायला डॉर्म, दोघींत एक खोली. खोलीचे आणि जेवणाचे पैसे पगारातून कापणार. कॉलेज ऑगस्टअखेर सुरू होतं, पण तिचं म्हणणं, तारखेचं नंतर बघू. गाडी नाही. थेट पार्क सर्व्हिसमध्ये, म्हणजे उद्यान चालवणाऱ्या सरकारी खात्यात काम मिळालं तर ते जास्त बरं का?

देवदार
तारखेचं नंतर बघू नका, आत्ताच बोला. हंगाम पूर्ण केल्याचा बोनस असेल तर तो करारातल्या शेवटच्या तारखेला बांधलेला असतो. आधी निघालं की बोनस जातो, आणि पुढच्या वर्षी परत घेतील याची खात्री राहत नाही. ऑगस्टमध्ये कॉलेजची मुलं निघून जातात आणि कंपन्यांची तारांबळ उडते, म्हणून ऑक्टोबरपर्यंत थांबणाऱ्यांना त्या झुकतं माप देतात. तरी खरी तारीख सांगून घेतलेली ऑफरच चांगली.

कपातीचा हिशोब ४० तासांवर करू नका. मे महिन्यात लॉज अर्धवट भरलेलं असतं, कधी आठवड्याला ३० तासच काम मिळतं. ताशी १५ डॉलर धरले तर ६०० ऐवजी ४५० झाले, पण खोली-जेवणाची कपात तेवढीच. म्हणून किमान तासांची हमी आहे का, जेवायला गेलं नाही तरी पैसे कापतात का, हे दोन्ही लेखी विचारा.

ओव्हरटाइमचंही तसंच. उद्यानांत सरकारी कराराने चालणाऱ्या खासगी मनोरंजन-पर्यटन सोयींमधल्या काही कामांना फेडरल कायद्यात ४० नव्हे, ५६ तासांनंतर दीडपट दर लागू होतो. राज्याचा कायदा जास्त कडक असेल तर तो चालतो. तिच्या कामाला कुठला आकडा लागू आहे, ते ऑफर लेटरमध्ये यायला हवं.

आता खोली. ती भाड्याची खोली नव्हे, नोकरीचा भाग आहे. नोकरी गेली, मग काढलं असो की स्वतः सोडली असो, की खोलीही गेली. रिकामी करायला मुदत अनेकदा एक-दोन दिवसांचीच. गाडी नसताना हे सगळ्यात महागात पडतं. ओल्ड फेथफुल, लेक, कॅनियन, मॅमथ ही उद्यानातली लॉजची ठिकाणं; वेस्ट यलोस्टोन, कोडी, गार्डिनर ही बाहेरची गावं. ओल्ड फेथफुलहून वेस्ट यलोस्टोन साधारण ३० मैल, लेकहून कोडी ८० च्या आसपास, आणि उद्यानात सार्वजनिक बस नाही. परतीच्या प्रवासापुरते पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला असू द्या. नेमणूक कुठल्या ठिकाणी, हे हो म्हणण्याआधी विचारा. मॅमथहून गार्डिनर हाकेच्या अंतरावर, तिथे किराणा आणि फोनची रेंज मिळते. लेक किंवा कॅनियनला आठवड्याच्या सुट्टीतही कुणाच्या तरी गाडीची वाट बघावी लागते.

फायदा खरा आहे, तो नाकारत नाही. घरभाडं नाही, पेट्रोल नाही, खर्चाला दुकानंही फारशी नाहीत, त्यामुळे पगार कमी असून पैसे उरतात. ड्यूटी संपली की ट्रेल दारात.

तंबूवाला
पार्क सर्व्हिसची वाट वेगळी. अर्ज यूएसएजॉब्स या सरकारी नोकऱ्यांच्या वेबसाइटवर, नागरिकत्व लागतं, आणि उन्हाळ्याच्या जाहिराती आदल्या शरद-हिवाळ्यातच येतात. काही जाहिराती ठरावीक संख्येने अर्ज आले की बंद होतात, म्हणून फेडरल पद्धतीचा रेझ्युमे आधी तयार हवा. हंगामी नेमणूक वर्षाला १०४० तासांच्या आत. ९० दिवस किंवा जास्त आणि महिन्याला किमान १३० तास काम अपेक्षित असेल तर सरकारी आरोग्यविमा घेता येतो, ही मोठी जमेची बाजू.

घरभाडं मात्र इथेही पगारातूनच जातं. ते आसपासच्या गावांतल्या भाड्यांशी तुलना करून ठरतं, त्यामुळे पर्यटनाच्या महागड्या गावाजवळचं साधं क्वार्टरसुद्धा झोंबतं. आणि सरकारी म्हणजे पक्कं असं समजू नका: जानेवारी २०२५ मध्ये फेडरल भरती गोठवली तेव्हा हातात आलेल्या हंगामी ऑफर रद्द झाल्या. पुढे भरती उघडली, पण तोवर अनेकांचं नियोजन कोलमडलं होतं. माझं मत: यंदा कंपनीची घ्या, पुढच्यासाठी सरकारी अर्ज टाका.

खारूताई
खोलीत शिरल्यावर गादीच्या शिवणी टॉर्च लावून बघायच्या, ढेकणांचे काळे ठिपके तिथेच दिसतात. मग पलंगाखाली आणि कपाटाच्या कोपऱ्यात उंदरांच्या लेंड्या. दिसल्या तर झाडू किंवा व्हॅक्यूम लावायचा नाही, धुळीबरोबर हंटाव्हायरस हा उंदरांकडून येणारा जीवघेणा विषाणू श्वासात जातो. योसेमिटी उद्यानात २०१२ साली त्याची साथ आली, करी व्हिलेज या मुक्कामाच्या जागेतल्या तंबू-केबिन हे तिचं मुख्य केंद्र ठरलं. १० जण आजारी पडले, ३ दगावले. खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवून बाहेर थांबायचं, हातमोजे घालायचे, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून पाच मिनिटं मुरू द्यायचं, मग कागदी टॉवेलने टिपून बंद पिशवीत टाकायचं. लेंड्या जास्त असतील तर स्वतः हात न लावता मेंटेनन्सला लेखी कळवून दुसरी खोली मागायची.

डॉर्मच्या खोलीत हॉटप्लेट किंवा राइस कुकर सहसा चालत नाही, तपासणीत सापडला तर खोलीवरच गदा. शाकाहारी असेल तर कर्मचाऱ्यांच्या भोजनगृहात रोज काय असतं आणि सामायिक स्वयंपाकघर आहे का, हे आधी विचारा. खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात, बाहेर ओट्यावर काहीही नको. तिथे अस्वलं येतात.

कानात घालायचे बोळे आणि डोक्याला लावायचा टॉर्च न्या. रूममेटची शिफ्ट पहाटे पाचची निघाली तर दोन्हींची किंमत कळते. इंटरनेटवर भरवसा ठेवून ऑनलाइन कोर्स घेऊ देऊ नका. आणि एक सांगून ठेवा: राज्यात गांजा कायदेशीर असला तरी उद्यान फेडरल जमिनीवर आहे, तिथे तो गुन्हाच.

नवखा_८
याच धाग्यात विचारतो. भाचा एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर एमएस करतोय, त्याला असं काम चालेल?

तंबूवाला
सुट्टीतली साधी नोकरी म्हणून नाही. कॅम्पसबाहेर काम करायचं तर सहसा सीपीटी किंवा ओपीटी, म्हणजे अभ्यासक्रमाशी जोडलेल्या कामाची परवानगी लागते आणि काम त्याच्या शिक्षणाशी संबंधित असावं लागतं. संगणकशास्त्राच्या मुलाला गिफ्ट शॉपमध्ये उभं राहून ते सिद्ध करता येणार नाही, हॉटेल मॅनेजमेंटवाल्याला कदाचित येईल. कंपनीने कामावर घेतलं म्हणजे परवानगी झाली असं नव्हे, आणि विनापरवाना काम केलं तर व्हिसाचा दर्जाच जातो. तिथे परदेशी मुलं बरीच दिसतील, पण त्यातली पुष्कळशी जे-१ या वेगळ्या, देवाणघेवाण कार्यक्रमाच्या व्हिसावर आलेली असतात. भाच्याला ऑफर स्वीकारण्याआधी कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसमध्ये डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला भेटायला सांगा.