कामाचा उरक कशाने वाढला, कशाने बोंबलला? तुमचे अनुभव

कोपऱ्यातलं_टेबल
कपाट आवरताना पहिल्या नोकरीतली एक जाड वही सापडली. दर पंधरा मिनिटांनी काय केलं ते लिहायचं, साडेनऊ ते सहा, दिवसाच्या ३४ चौकटी. तेव्हाचे साहेब कसलंसं ट्रेनिंग करून आले आणि सोमवारी प्रत्येकाच्या टेबलावर एकेक वही.

पहिल्या आठवड्यात मी भाबडेपणाने खरं लिहिलंय. "प्रिंटरपाशी उभी." "सहीसाठी थांबले." "साहेबांनी बोलावलं, कशाला ते त्यांनाच आठवेना." तिसऱ्या आठवड्यापासून सगळ्या चौकटींत एकच, "फाइलचे काम". शेवटची चौकट मात्र रोज कोरी, कारण त्या वेळात वही भरायची असायची! सगळ्यांच्या वह्यांची गोळाबेरीज करायला एक मुलगा वेगळा बसवला होता. त्याच्या वाटचं काम कोण करायचं, देव जाणे.

काल सहज मोजलं. त्या पहिल्या आठवड्यात रोज सहा-सहा चौकटी नुसत्या सहीची वाट बघण्यात गेल्यात. म्हणजे दीड तास. सही करणारे एकटे साहेब, आणि साहेब मीटिंगमध्ये. वहीत सगळं लिहिलेलं होतं हो, वाचलं कोणी नाही. पुढे नवीन मॅडम आल्या, त्यांनी ठरावीक रकमेखालच्या कागदांवर आमचीच सही चालेल असं केलं आणि वह्या बंद. बाकी काहीही केलं नाही. त्या महिन्यात आम्ही चक्क वेळेवर घरी.

तुमच्याकडे काय काय प्रयोग झाले? लागू पडलेले, फसलेले, सगळे येऊ द्या.

फोन_कोण_उचलणार
एएचटी!!! नुसतं आठवलं तरी पोटात गोळा येतो. एका कॉलला सरासरी लागणारा वेळ. आमचं टार्गेट चार मिनिटं. आमच्यातला एक हीरो साडेतीन मिनिटं झाली की "हॅलो? हॅलो? आवाज येत नाहीये" करून फोन ठेवून द्यायचा. तोच गिऱ्हाईक चिडून परत लावणार, आणि तो कॉल लागणार मला. महिन्याचा उत्तम कर्मचारी कोण? हीरो. सलग तीन महिने फोटो भिंतीवर. पुढे पहिल्याच फोनमध्ये किती जणांचं काम झालं ते मोजायला लागले, तेव्हा फोटो उतरला.

निवांत_गडी
"आवाज येत नाहीये" 😂😂 मी घरी पण वापरतो

जुना_जाणता
वरच्या हीरोवरून आठवलं. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाबद्दल बोलताना हीच गोष्ट मांडली होती: एखादा आकडा नियंत्रणासाठी वापरायला घेतला की त्याचा भरवसा जातो. आता तो नियम सगळीकडे लावतात. तुमच्या वहीचंही तेच झालं, ताई.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून प्रयोग झाले, दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढतं का बघायला. उजेड वाढवला, काम वाढलं. ज्यांचा उजेड तसाच ठेवला त्यांचंही वाढलं. मग म्हणाले, आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय म्हणून माणसं उत्साहाने करतात. नंतर आकडे पुन्हा तपासणाऱ्यांना तो परिणाम तितका ठसठशीत दिसला नाही, हेही सांगायला हवं. मी बत्तीस वर्षं नोकरी केली. माझ्याकडे लक्ष गेलं ते फक्त रजेच्या अर्जामुळे.

अर्धी_रजा
मी पूर्ण वेळावरून पाच तासांवर आले तेव्हा साहेब म्हणाले काम अर्धं होईल. तसं काही झालं नाही, कारण दुपारच्या दोन मीटिंगा मला लागूच नव्हत्या. त्या मीटिंगांमध्ये काय व्हायचं माहितीये का, आधीच्या मीटिंगमध्ये ठरलेलं

उठलं बाळ. येते.

खुर्चीत_रुतलेला
हा प्रश्न इथे बसतो का माहीत नाही, पण माझी ऑफिसची खुर्ची हललं की कुईं करते. आख्खा मजला वळून बघतो. उपाय?

मशीनवाला
आमच्याकडे पत्रा दाबायच्या प्रेस मशीनची डाय, म्हणजे साचा, बदलायला तीन तास जायचे. तीन तास मशीन थंड. सगळ्यांचं म्हणणं, ऑपरेटर रेंगाळतो. मग एका सुपरवायझरने घड्याळ न लावता नुसतं उभं राहून बघितलं, पूर्ण शिफ्ट. मशीन बंद झाल्यावर फिटर स्पॅनर शोधायला जातो, मग क्रेन मोकळी होईपर्यंत थांबतो, मग कळतं की नवीन डाय पुसलेलीच नाही. यातलं एकही काम मशीन चालू असताना करायला बंदी नव्हती! जपानमध्ये शिगेओ शिंगो यांनी हेच शिकवलं, मशीन थांबल्यावरचं काम कोणतं आणि आधी उरकता येईल ते कोणतं, हे वेगळं काढा. आम्ही एक ट्रॉली केली, स्पॅनर, बोल्ट सगळं आदल्या शिफ्टलाच त्यात. पन्नास मिनिटांवर आलो. कोणी जास्त पळालं नाही.

आता फसलेलं. टोयोटात लाइनवर दोरी असते, गडबड दिसली की कोणीही ओढायची, मदत येते, नाहीच सुटलं तर लाइन थांबते. आमच्या मोठ्या साहेबांनी हौसेने तशीच दोरी लावली. पहिल्या आठवड्यात एका पोराने ओढली. त्याला मेमो, लाइन का थांबवली म्हणून. त्यानंतर दोरीवर हातमोजे वाळायचे.

निवांत_गडी
हातमोजे 😂 दादा, जिंकलंत

हजेरी_मास्तर
मी एचआरमध्ये. शिव्या पडणार हे धरूनच लिहितो. वरून हुकूम आला म्हणून आम्ही माउस किती हलतो ते मोजणारं सॉफ्टवेअर बसवलं. मी तेव्हाच म्हटलं होतं की नको, पण ते असो, म्हणणारा मी एकटाच होतो असं आता प्रत्येक जण सांगतो. एक दिवस आगीची प्रॅक्टिस होती. अख्खी इमारत खाली मैदानात उभी, डोकी मोजून झाली, कोणी वर नाही. संध्याकाळी रिपोर्ट बघतो तर त्या वेळात अकरा जण शंभर टक्के कामात! एकाने माउस टेबलफॅनला बांधला होता. त्याचं अप्रेझल मीच केलं, "कल्पकता"मध्ये पूर्ण मार्क दिले.

फोन_कोण_उचलणार
@हजेरी_मास्तर तुमच्याकडे जागा आहे का हो

रात्रपाळी_सिस्टर
ड्यूटी संपली, लिफ्टपाशी उभी राहून लिहितेय, चुका माफ करा. औषधं काढताना मध्येच कोणीतरी हाक मारणार, सिस्टर हे कुठाय, सिस्टर ते बघा. परत पहिल्यापासून मोजायचं. आमच्या इन्चार्जने औषधाच्या ट्रॉलीभोवती जमिनीवर लाल पट्टी चिकटवली. पट्टीच्या आत उभ्या असलेल्या सिस्टरशी बोलायचं नाही, डॉक्टर असले तरी. पहिले चार दिवस डॉक्टरच पट्टीवर येऊन बोलायचे. पाचव्या दिवशी इन्चार्जने मोठ्या डॉक्टरांना सगळ्यांसमोर "सर, पट्टी" एवढंच म्हटलं. मग शिस्त लागली. औषधाचा राउंड लवकर संपतो, आणि मला घरी गेल्यावर "आपण ते दिलं का" असं दचकून उठायला होत नाही. लिफ्ट आली.

कोपऱ्यातलं_टेबल
सिस्टर, "सर, पट्टी" मी उद्यापासून वापरणार. झोपा आता शांत.

कोड_गाळणारा
प्रोजेक्ट आधीच दोन महिने मागे. साहेबांचा उपाय, पाच जणांचे बारा करा. पाच जणांत एकमेकांशी बोलायच्या जोड्या दहा, बारा जणांत सहासष्ट. नवे सात जण हुशार होते हो, पण त्यांना शिकवायला बसले जुने पाच, म्हणजे काम करणारं उरलं कोण? फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशिरा चाललेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसं वाढवली की ते आणखी लांबतं. मी मीटिंगमध्ये हे बोललो. मला "नकारात्मक" ठरवलं. प्रोजेक्ट आणखी चार महिने लांबला, तेव्हा साहेब बदलून गेले होते, त्यामुळे "मी म्हटलं नव्हतं का" हेसुद्धा ऐकवायला कोणी नाही.

जुना_जाणता
नकारात्मक मीही होतो. पेन्शन मिळते.

अर्धी_रजा
आले. काय लिहीत होते... हां, मीटिंग. जाऊ दे. पूर्ण वेळवाल्यांनी आता त्यातली एक बंद केलीये, आणि सगळ्यांनी मला धन्यवादाचा मेल केला. त्या मेलवर सव्वीस उत्तरं आली, सगळी सगळ्यांना.

मशीनवाला
@खुर्चीत_रुतलेला तेल घालू नका, धूळ चिकटते. खुर्ची उलटी करा, बैठकीखालचे चार बोल्ट असतात ते आवळा.

खुर्चीत_रुतलेला
आवळले. आवाज गेला. आता डावीकडे कलतेय.

मशीनवाला
चारही आवळले का तीनच?

खुर्चीत_रुतलेला
चौथा नाहीच आहे. स्टोअरला मागितला तर फॉर्म भरायला सांगितलाय. सही करणारे मीटिंगमध्ये आहेत.