सोसायटी ऑफिशियल ग्रुप (फक्त कामाचे मेसेज)

नेने काकू, ए-५०१ (सकाळी ७:१२): राणे, गेटवरचा बॅनर कोणी केला? शनिवारचा कार्यक्रम अभिनेत्री सुलोचनादीदींच्या (लाटकर) जयंतीचा आहे आणि फोटो लावलाय लावणी गाणाऱ्या सुलोचना चव्हाणांचा!! दूधवाल्याच्या लक्षात आलं, कमिटीच्या नाही.

शिर्के, बी-१०३: मग शनिवारच्या 'मोलकरीण' सिनेमाच्या आधी एक लावणी होऊन जाऊ दे 😂

नेने काकू: शिर्के, विनोद नको. दोघी थोर. गेल्याही सहा महिन्यांच्या आत, चव्हाण १० डिसेंबर २०२२ ला, दीदी ४ जून २०२३ ला. म्हणून कुणालाही कुणाच्या जागी डकवायचं का?

राणे (सेक्रेटरी): नमस्कार. डिझाइनवाल्या मुलाने नेटवर 'सुलोचना' टाकलं, आलेला पहिला फोटो घेतला. छापून झालंय. ६५० रुपये गेलेत.

जोशी सर, बी-४०४: रुबी मायर्स आल्या नाहीत हे नशीब समजा. मूकपटाच्या काळातल्या त्याही सुलोचनाच. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना होता.

शिर्के: सर, हे परीक्षेला आहे का?

पाटील काका, सी-१०२: बॅनरवर जन्मगाव कोल्हापूर लिहिले आहे. चूक. खडकलाट, जि. बेळगाव. कृपया दुरुस्ती करणे.

शहा भाभी, ए-३०४: मला तर 'कटी पतंग'मधल्या आठवतात. सून म्हणून आलेल्या आशा पारेखला किती मायेने जवळ घेतात. माझ्या सासूबाई तो पिक्चर बघायच्या आणि माझ्याकडे बघायच्याच नाहीत 😄

नेने काकू: अगदी! माझ्या आईने लग्नाआधी 'वहिनींच्या बांगड्या' पाहिला. १९५३ चा. मावशी सांगायची, नंतर ही सासरी दिरांना वाढायला बसली की आधी पदर उजव्या खांद्यावरून पुढे ओढून घ्यायची, मग आमटीची पळी उचलायची. कुणी शिकवलं नव्हतं. थेटरातून घरी आणलेलं.

जोशी सर: ⏩ फॉरवर्ड: *सुलोचनादीदी: दिग्गजांच्या आठवणीतून* (पूर्ण वाचा, डोळे पाणावतील)

तन्वी, ए-२०३: सर, यात पाच दिग्गजांनी एकच वाक्य म्हटलंय. पूर्णविरामासकट.

जोशी सर: मला आलं तसं पाठवलं. शंका असेल तर स्क्रोल करावे. मात्र हे खरं आहे आणि सगळ्या पेपरांत आलेलं आहे: दीदी गेल्या तेव्हा अमिताभनी ब्लॉगवर लिहिलं होतं, माझ्याबरोबर कितीतरी चित्रपटांत आई झालेली प्रेमळ, उदार बाई गेली, अशा अर्थाचं. त्यांच्या पंचाहत्तरीला दीदींनी स्वहस्ते पत्र लिहिलं होतं, ते त्यांनी सगळ्या जगाला दाखवलं. नव्वदीला टेकलेली बाई हाताने पत्र लिहिते. आपण वाढदिवसाला केकचं चित्र पाठवतो.

शिर्के: परवा तुमच्या वाढदिवसाला मी केकच पाठवला होता सर. टोमणा पोचला.

पाटील काका: बॅनरवर जन्मगाव कोल्हापूर लिहिले आहे. चूक. खडकलाट, जि. बेळगाव. कृपया दुरुस्ती करणे.

राणे: पाटील काका, नोंद घेतली आहे.

शिर्के: काका, सीमाप्रश्न आज नको 🙏

पाटील काका: सीमाप्रश्न नाही. माझे आजोळ निपाणीचे. कोल्हापूरने त्यांना काम दिले, मान दिला, मान्य. पण जन्म आमच्याकडचा. बोलण्यात गावाकडची ढब होती म्हणून सुरुवातीला लोक हसायचे. दिग्दर्शक भालजी पेंढारकरांनी संस्कृत मोठ्याने वाचायला लावून जीभ वळवून घेतली. रंगूची सुलोचनाही त्यांनीच केली. नाव बदलले, बोली बदलली. निदान गाव तरी राहू द्या.

नेने काकू: 🙏🙏 सुंदर लिहिलंत काका.

जोशी सर: बाबा म्हणजे भालजींविषयी आणखी एक. गांधीजींच्या हत्येनंतर १९४८ च्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ गेला, 'मीठ भाकर' तयार होता तोही जळाला. कर्ज डोक्यावर घेऊन तोच सिनेमा पुन्हा काढला. त्यात दीदी होत्या. आपल्याकडे बॅनर पुन्हा छापायला ६५० निघत नाहीत.

राणे: सर, मेंटेनन्स थकलेल्यांची यादी टाकू का ग्रुपवर?

जोशी सर: ❌ हा मेसेज डिलीट केला आहे

तन्वी: मी दीदींना फक्त काशिनाथ घाणेकरांवरच्या सिनेमामुळे ओळखते. त्यात सोनाली कुलकर्णी त्या झाली होती ना? घाणेकर त्यांचे जावई हे मला तेव्हा कळलं.

नेने काकू: काय गं हे. तुझ्या आजीला विचार. 'मराठा तितुका मेळवावा'तल्या जिजाबाई त्याच. त्यानंतर कुणी जिजाबाईंचं नाव काढलं की आमच्या डोळ्यांपुढे दीदींचाच चेहरा यायचा.

तन्वी: आजीशी बोलले काकू, म्हणून तर विचारते. सगळ्या सारखं प्रेमळ, सोज्वळ, सोशिक एवढंच का म्हणतायत? मी काल शोधलं. 'दिल देके देखो'मध्ये त्या शम्मी कपूरची आई आहेत. तेव्हा वय ३१. शम्मी तिनेक वर्षांनीच लहान.

जोशी सर: त्याहून कळस 'जॉनी मेरा नाम'. देव आनंद आणि प्राण दोघांची आई. प्राण १९२०, देव १९२३, दीदी १९२८.

शिर्के: मुलं आईपेक्षा मोठी. आमच्या कमिटीत पण असंच आहे, सल्लागार तेवढे वयाने लहान.

राणे: शिर्के, तुमची स्कूटर पुन्हा व्हिजिटर पार्किंगमध्ये आहे.

शहा भाभी: सावंत काका स्टुडिओत होते ना? काका, तुम्ही सांगा काहीतरी दीदींचं.

नेने काकू: हो हो! सावंत, शनिवारी दोन शब्द बोलायचेच. तुमचं नाव पत्रिकेत घातलंय.

सावंत, बी-७०१ (सकाळी ९:४०): नमस्कार. मी लाइटमन होतो, बावीस वर्षे. दीदींच्या सेटवर काम करायचा योग आला नाही. पूर्वी कुणी विचारलं की 'हो, बघितलंय की' म्हणायचो. आता वय झालं, खोटं कशाला. एवढं खरं की इंडस्ट्रीत कुणी त्यांना मॅडम म्हणताना मी ऐकलं नाही. हिंदीवाले असोत, मराठी असोत, दीदीच. त्यांचा विषय निघाला की वर लाइटच्या कॅटवॉकवर (उंच फळीवर) बसलेला माणूससुद्धा शिवी अर्धवट सोडायचा. मी पाहिलेलं एवढंच.

तन्वी: ❤️

शिर्के: काका, एवढं बोललात तरी कार्यक्रम झाला.

पाटील काका: बॅनरवर जन्मगाव कोल्हापूर लिहिले आहे. चूक. खडकलाट, जि. बेळगाव.

नेने काकू: बरं, आता महत्त्वाचं. शनिवार संध्याकाळ ६, सातव्या मजल्यावरचा हॉल. 'मोलकरीण', १९६३. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी: पोटच्या मुलाच्या घरी आई मोलकरीण म्हणून राबते आणि ओळख देत नाही. रमेश देव-सीमा आहेत. 'देव जरी मज कधी भेटला' ऐकून ज्याला रडू येणार नाही त्याने चहा घेऊ नये. आपापल्या कामवाल्या बायकांनाही आणा. मी मंगलला सांगितलंय, ती हरखून गेलीये.

तन्वी: मस्त. मंगलताई वर कशा येणार?

नेने काकू: म्हणजे?

तन्वी: सर्व्हिस लिफ्ट बारा दिवस बंद आहे. मुख्य लिफ्ट त्यांना वापरायला बंदी, एप्रिलच्या मीटिंगचा ठराव. म्हणजे 'मोलकरीण' बघायला मोलकरणीने सात जिने चढायचे.

शिर्के: 🍿

राणे: तो ठराव बहुमताने झाला आहे. इतिवृत्त उपलब्ध आहे.

शिर्के: हो, मी होतो. हात वर करणाऱ्यांत ए-५०१ पहिलं होतं.

नेने काकू: शिर्के, तोंड सांभाळा. मी बादल्या आणि ओल्या फडक्यांबद्दल बोलले होते, माणसांबद्दल नाही. मंगल चौदा वर्षं आमच्याकडे आहे. ती आमच्या घरच्यासारखीच आहे.

सावंत: काकू, राग नसावा. 'सुजाता'त दीदी नूतनची ओळख करून देताना दर वेळी 'बेटी जैसी' म्हणतात. सगळा पिक्चर त्या एका 'जैसी'वर उभा आहे.

(बराच वेळ कुणीच काही लिहिलं नाही.)

जोशी सर: 'सुजाता' बिमल रॉय, १९५९. फारच उत्तम चित्रपट.

शहा भाभी: शनिवारपुरती परवानगी द्या ना राणे भाई. एका दिवसाने काय होतं.

डॉ. मेहेंदळे, सी-६०२: एका दिवसाचा अपवाद केला की रोज मागतील. मी आधीच सांगतोय. कार्यक्रमाला विरोध नाही. दीदी माझ्याही आवडत्या.

तन्वी: डॉक्टर, तुमच्या सी-६०२ ला पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचे गुडघे तुम्हीच तपासता ना?

डॉ. मेहेंदळे: वैयक्तिक पातळीवर येऊ नये.

राणे: सर्व्हिस लिफ्टचा मेकॅनिक सोमवारी येणार आहे. विषय संपवावा. हा ग्रुप कामाच्या मेसेजसाठी आहे.

शिर्के: शनिवार आधी येतो की सोमवार, हे जोशी सरांना विचारा.

पाटील काका: बॅनरवर जन्मगाव

पाटील काका: चुकून अर्धे गेले. खडकलाट.

नेने काकू (रात्री ८:०५): मी मंगलशी बोलले. ती म्हणाली, "काकू, रोज चढते तशी चढीन, त्यात काय." तिला काही वाटत नाहीये. उगाच लोक विषय वाढवतात.

तन्वी: 👍

राणे (रात्री ९:३०): नवीन बॅनर मंजूर झाला आहे. खर्च जोशी सर आणि शहा भाभी यांनी केला, सोसायटी आभारी आहे. फोटो तपासून घ्यावा.

*ज्येष्ठ अभिनेत्री, पद्मश्री, महाराष्ट्र भूषण सुलोचना लाटकर (दीदी) जयंतीनिमित्त*
*जन्म: ३० जुलै १९२८, खडकलाट (जि. बेळगाव)*
*चित्रपट: मोलकरीण. शनिवार, सायं. ६. हॉल, सातवा मजला. चहाची सोय आहे.*
*सूचना: मुख्य लिफ्ट फक्त सभासदांसाठी.*

पाटील काका: आता बरोबर आहे. धन्यवाद 🙏

शहा भाभी: फोटो किती सुंदर आहे दीदींचा.

जोशी सर: खुर्च्या कोण लावणार? गेल्या वेळी मी एकट्याने चाळीस लावल्या होत्या.

नेने काकू: सकाळी मंगल येते ना, तिला सांगते.