तुळाजी आंग्र्यांचं आरमार नक्की कुणी बुडवलं?

देवगडची बाई: मी शाळेत इतिहास शिकवते. सातवीच्या मुलांना विजयदुर्गावर नेणार आहे. गेल्या वर्षी बुरुजावर एकाने विचारलं, "बाई, पेशव्यांनीच आपलं आरमार जाळलं ना?" दुसरा उसळला, "जाळलं इंग्रजांनी!" दोघंही घरून ऐकून आलेले, हमरीतुमरीवर आले. मुलांना अर्धवट सांगायचं नाही. १७५६ मध्ये विजयदुर्गाशी आरमार जळालं, त्याचा दोष कुणाच्या पदरात घालायचा?

सह्यकडा: नानासाहेब पेशव्यांच्या. घरच्याच सरखेलाविरुद्ध, म्हणजे आरमारप्रमुख तुळाजीविरुद्ध, इंग्रजांशी हातमिळवणी केली. यात वादाला जागाच नाही.

गिर्येकर: जागा आहे, आणि ती मुलांना कळायला हवी. मार्च १७५५ मध्ये पेशवे आणि मुंबईकर इंग्रज यांचा करार झाला. एप्रिलमध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला, तो ठरल्याप्रमाणे पेशव्यांना मिळाला. पुढच्या फेब्रुवारीत विजयदुर्गावर समुद्राकडून इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसन आणि जमिनीवरून फौज घेऊन क्लाइव्ह. तुळाजी तेव्हा पेशव्यांचे सरसुभेदार रामाजी महादेव यांच्या छावणीत बोलणी करायला गेला होता. १२ तारखेला मारा सुरू झाला आणि एक गोळा 'रिस्टोरेशन'वर पडला. हे जहाज मूळचं इंग्रजांचंच, तुळाजीने पकडून आणलेलं. गलबतं एकमेकांना बांधून ठेवलेली, त्यामुळे आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि सगळं आरमार खाक झालं. गोळा इंग्रजांचा खरा, पण त्यांना खाडीच्या तोंडाशी आणलं पुण्याने.

मला टोचतं ते यापुढचं. मुंबईहून निघण्याआधीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीचे वाटे ठरवले होते. सुमारे दहा लाखांची लूट त्यांनी आपसात वाटून घेतली, मराठ्यांच्या हाती दमडी लागली नाही. वर किल्लाही सोडेनात. ऑक्टोबरच्या तहात विजयदुर्ग सुटला, पण बाणकोट इंग्रजांकडे गेलं ते गेलंच.

तरी नुसतं 'पेशवे विरुद्ध आंग्रे' असं सांगू नका. १७२९ मध्ये तुळाजीचे वडील कान्होजी गेले आणि पुढे मुलांत फूट पडली. बाजीरावांनी मानाजीला अलिबागचा कुलाबा, संभाजीला सुवर्णदुर्ग अशी वाटणी करून दिली. १७४० मध्ये संभाजी कुलाब्यावर चालून गेला, तेव्हा मानाजीने पेशव्यांना बोलावलं आणि इंग्रजांनाही. म्हणजे भाऊबंदकीत टोपीकर इंग्रज आधीच शिरले होते. तुळाजी तर पुण्याला जुमानतच नव्हता. त्याला वठणीवर आणायचा अधिकार पेशव्यांना होता, असं माझं मत. त्यासाठी वॉटसनची जहाजं आपल्या बंदरात येऊ देणं, हे मात्र मी कधीच माफ करू शकत नाही.

देवगडची बाई: दादा, मग मराठी आरमार त्याच दिवशी संपलं असं म्हणतात, ते खरं?

गिर्येकर: नाही ताई. पुढे पेशव्यांचं आरमार विजयदुर्गावरच होतं, सुभेदार आनंदराव धुळप. १७८३ मध्ये त्यांनी रत्नागिरीजवळ इंग्रजांचं 'रेंजर' जहाज झुंजून पकडलं. मुलांना हे जरूर सांगा, कारण कुणी सांगत नाही. पण कान्होजींच्या नावाने मुंबईच्या इंग्रजांच्या पोटात जो गोळा यायचा, तो दरारा पुन्हा बसला नाही. तुळाजी तर कैदेतच वारला.

मालवणी गडी: बाईनू, धुळपांचा नाव घेतल्यात तर पोरांका गिर्येची गोदी पण दाखवा. थंयसर गलबतां दुरुस्तीक येयत. ओहोटीची वेळ बघून जावा.