हिवाळी पाहुणे आले, बीनबॅगा बाहेर काढा: पक्ष्यांच्या फोटोंचे अनुभव

राजहंसगडवाला
सकाळी गच्चीवर करडा धोबी शेपूट हलवत फिरताना दिसला. म्हणजे हंगाम सुरू. कपाटातून जुनी बीनबॅग (लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी) ओढली, तर आत तांदूळ कमी आणि पोरकिडे जास्त! मग म्हटलं धागाच काढूया. खानापूरच्या रानापासून चिकोडी-रायबागच्या उसापर्यंत आपल्या बेळगाव भागात फोटो काढताना काय चालतं, काय फसतं ते लिहा. पुराण नको, कामाचं बोला.

सुरुवात बीनबॅगेनंच. जुन्या जीन्सच्या पायाच्या दोन पिशव्या करायच्या, प्रत्येकी साधारण ३० बाय १५ सेंमी, आणि मध्ये १० सेंमीची पट्टी. गाडीच्या दारावर खोगिरासारखी बसते. शिवण दुहेरी. दोन तृतीयांशच भरायची. गच्च भरली की लेन्स त्यावर लाटण्यासारखी घरंगळते. वजन दोन-अडीच किलो. तांदूळ-ज्वारी छान बसते, पण पावसाळ्याआधी रिकामी केली नाही तर काय होतं ते वर लिहिलंच आहे. थर्माकोलचे दाणे हलके, पण दाबले जाऊन बसतात आणि करकर आवाज करतात. प्लास्टिक मोल्डिंगचे दाणे सगळ्यात बरे.

आणि गाडीचं इंजिन बंद. नुसतं न्यूट्रल करून चालत नाही.

कॅम्पातली अक्का
पोरकिड्यांचं सोडा, लेन्समधली बुरशी बघितली का आधी? चार महिने ओल होती.

हवाबंद डबा घ्या, स्वयंपाकघरात पिठाला असतो तसा, झाकणाला रबर असलेला. १० लिटरच्या डब्यात २००-२५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. ६०-६५ च्या वर दिवसेंदिवस राहिला की बुरशी धरते, ३० च्या खाली नेऊ नये, रबर आणि ग्रीस सुकतं. मापक खोटं बोलतोय वाटलं तर बाटलीच्या झाकणात ओलं मीठ (ओलं, पाण्यात विरघळलेलं नव्हे) ठेवून मापकासकट पिशवीत बंद करा. सात-आठ तासांनी ७५ दाखवायला पाहिजे. ७० दाखवला तर तो ५ ने कमी सांगतो, एवढं लक्षात ठेवलं की झालं.

सिलिकाचा रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास. निळी जेल असेल तर खायच्या भांड्यात नको, तो रंग विषारी असतो. डांबरगोळ्या अजिबात नकोत. आणि कंपनीची चामड्याची पाऊच शोभेला ठेवा, ती ओल धरून बसते.

हलगेकर
अक्का, तांदळात ठेवलं तर चालतंय का? घरात पोतं हाय.

कॅम्पातली अक्का
नाही रे बाबा. तांदळाची पूड लेन्सच्या रिंगात जाते, ओल फारशी शोषत नाही. तांदूळ खायला ठेव.

लेथवाला_उद्यमबाग
सगळ्यांचा पहिला प्रश्न "फोटो शार्प का येत नाही" आणि दुसरा "कुठली लेन्स घेऊ". पहिल्याचं उत्तर मिळाल्याशिवाय दुसरा विचारू नये असं माझं मत. फोटो शंभर टक्के मोठा करून बघा, दोष स्वतःच सांगतो.

पक्षी मऊ (पुसट), पण पुढचं गवत किंवा मागची फांदी कडक (रेखीव): फोकस चुकला. फोकसचा चौकोन मोठा ठेवला की कॅमेरा जवळची काडी पकडतो. झुडपात एकच बिंदू ठेवा.

सगळं एकाच दिशेला ओढल्यासारखं: हात हलला.

डोळा कडक, पंख पुसट: शटरचा वेग कमी. बसलेल्या छोट्या पक्ष्याला १/१००० सेकंद, उडत्याला १/२००० ते १/३२००. बगळा-करकोचा संथ उडतो, १/१२५० लाही जमतो.

कडा दुहेरी, लाटांसारख्या, आणि दहातले दहा फोटो वेगवेगळे बिघडलेले: ती गरम हवा. हे लोकांना पटतच नाही! लेन्स दुरुस्तीला नेतात. जांभ्याच्या माळावर किंवा धरणाच्या पाण्यावर उन्हात नऊ-साडेनऊनंतर ५० मीटरच्या पुढं काढूच नका. दहा लाखाची लेन्स लावली तरी हवा तीच. गाडीतला एसी चालू ठेवून काच खाली केली तरी खिडकीतच तसं होतं. एसी बंद, काचा सगळ्या खाली, दहा मिनिटं थांबा.

पंख केळ्यासारखे वाकडे आले तर मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्याचं इलेक्ट्रॉनिक शटर बंद करून मेकॅनिकल लावा.

जांबोटी_क्रॉस
केळ्यासारखे 😂 माझा कोतवाल तसाच आलाय. आता कळलं.

निपाणीकर काका
शटर-बिटर ठीक. उजेडाचं कुणी बोललं नाही. पांढरा गायबगळा हिरव्या उसापुढं असेल तर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि बगळा जळून पांढराफटक होतो, पिसं दिसत नाहीत. उजेडाची भरपाई (एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन) उणे ०.७ ते उणे १ करा. उलट, घार फिक्या आभाळात असेल तर अधिक १, नाहीतर नुसती काळी आकृती. मॅन्युअल ठेवून आयएसओ (सेन्सरची उजेडाला संवेदनशीलता) ऑटो केलं तरी ही भरपाई बहुतेक कॅमेऱ्यांत चालते. तुमच्यात चालते का ते घरीच बघून घ्या, रानात मेन्यू उघडून बसू नका.

फड_चालू_आहे
उसाचा विषय निघालाच. तोड चालू असलेला फड म्हणजे पक्ष्यांची पंगत असते. कोयता चालला की किडे, बेडूक, उंदीर बाहेर. गायबगळे आणि कोतवाल टोळीच्या पायातच असतात. भोवत्या फडाच्या कडेकडेनं खालून जातो, कापशी घार वर एका जागी पंख मारत थांबते. ती तशी थांबली की फोकस तेव्हाच धरायचा. खाली सुटल्यावर धरायला गेलात तर संपलं.

आधी मुकादमाला विचारा. टोळीच्या पुढं नाही, मागं आणि बाजूला उभं राहायचं, सूर्य पाठीशी. कोयत्याच्या टप्प्यात जाऊ नका. बैलगाडीची आणि ट्रॅक्टरची वाट अडवू नका. टोळीतल्या माणसांचे फोटो न विचारता काढू नका, हे वेगळं सांगायला नको. पाचट पेटवलेली असली की कोतवाल-वेडा राघू धुराच्या कडेला जमतात, पण वारा बघा. काजळी पुढच्या काचेवर बसली तर कापडानं घासायची नाही. आधी हवेचा फुगा (ब्लोअर) मारून उडवायची, मग ब्रश, अगदी शेवटी कापड.

हलगेकर
काका आमच्यात ऊस न्हाई, भात हाय. भाताचं सांगा की.

मलप्रभेकाठ
भातकापणीनंतर वाफ्यात पाणी असतं तिथं मुग्धबलाक, वंचक, शेकाटे. बांधावर उभं राहून काढलेला फोटो कायम वरून पाहिल्यासारखा येतो. लेन्स पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीला आणा, मागचं सगळं विरघळतं आणि फोटो एकदम वेगळा दिसतो. त्यासाठी जुना फ्रायपॅन! मधोमध भोक पाडून खालून ३/८ इंची बोल्ट, वर ट्रायपॉडचं डोकं. चिखलावरून ढकलत नेता येतं, रुतत नाही. बोल्टचं डोकं बुडाबाहेर राहिलं तर नांगरासारखं अडकतं, म्हणून चपट्या डोक्याचा बोल्ट घ्या. स्वतः खाली खताच्या पोत्यावर आडवं व्हायचं.

सरपटत जाताना सरळ पक्ष्याकडं जाऊ नका. तिरकं, थांबत, नजर दुसरीकडं. मान ताठ केली, खाणं थांबवलं, की तुम्हीही थांबा. शेकाट्या ओरडायला लागला तर दोन पावलं मागं.

जांबोटी_क्रॉस
फ्रायपॅन घरातनं कसा पळवायचा तेवढं सांगा दादा.

कॅम्पातली अक्का
नवीन आणून दे, मग जुना माग. सोपं आहे.

घाटमाथा
जांबोटी-कणकुंबी-चोर्ल्याकडं जाणाऱ्यांसाठी. भीमगड अभयारण्य आहे, १९० चौ. किमी, २०११ पासून. आत जायला वनखात्याची परवानगी लागते. "आम्ही नुसते फोटो काढतो" हे कारण होत नाही. गवा आणि अस्वल दोन्ही आहेत. उजाडायच्या आत पायवाटेला लागू नका, आणि लेन्सला डोळा लावून मागं सरकू नका.

रस्ता खराब असेल तर कॅमेरा दुचाकीच्या टाकीवर किंवा कॅरिअरला बांधू नका. सततच्या थरथरीनं लेन्सचे स्क्रू ढिले होतात. पाठीवरच ठेवा.

जळवांना निपाणीची तंबाखू (काका रागवू नका). पाण्यात भिजवून मोज्यांवर चोळायची, पँट मोज्यात खोचायची. डासांचं डीट असलेलं मलम लावलेले हात कॅमेऱ्याला लावू नका, ते प्लास्टिक-रबर विरघळवतं. पकड चिकट झाली की समजा, मलमच.

निपाणीकर काका
रागवतोय कशाला. चांगल्या कामाला जातेय, जाऊ दे.

जोयडा_फेरी
गणेशगुडीच्या ओल्ड मॅगझिन हाऊसला (जंगलातलं मुक्कामाचं ठिकाण) जाणार असाल तर झाडाखालच्या अंधाराची तयारी ठेवा. तिथं पक्ष्यांसाठी पाण्याची पात्रं आहेत आणि पक्षी जवळ येतात. लांब लेन्स लागत नाही, उजेड लागतो. १/१६० ते १/२५०, आयएसओ ३२०० ते ६४००, मोनोपॉडवर (एका पायाचा स्टँड). नारंगी डोक्याचा कस्तूर पाण्यात शिरायच्या आधी काठावर क्षणभर गोठतो, तेव्हाच दाबायचं. अंगावर पाणी उडवतानाचा फोटो हवा असेल तर १/१००० तरी पाहिजे. ते फक्त उन्हाचा कवडसा पात्रावर येतो तेव्हाच जमतं. कवडसा कुठं सरकतोय ते बघून जागा धरा. पात्राच्या पलीकडची पार्श्वभूमी जेवढी लांब तेवढी चांगली. भिंत जवळ असेल तर एक पाऊल बाजूला व्हा.

फ्लॅश नको.

सांबऱ्याकडचा
एक कोरडा सल्ला. सांबऱ्याच्या विमानतळाच्या आणि हवाई दलाच्या भिंतीजवळ माळावर चंडोल चांगले दिसतात म्हणून मोठी लेन्स काढू नका. कॅम्पातही लष्करी आवारांजवळ तेच. हिडकलला धरणाच्या भिंतीकडं नको, फुगवट्याच्या बाजूला जा. पक्षी तिथंच जास्त असतात.

चिकोडीची मुलगी
आणि गावात कन्नड येत नसेल तर एवढं तरी शिका: "हक्की नोडाक बंदेवी." पक्षी बघायला आलोय. चेहरे लगेच निवळतात. मग चहा.

राजहंसगडवाला
एक महत्त्वाचं राहिलं. तिबोटी खंड्याचं घरटं. पावसाळ्यात रस्त्याकडेच्या मातीच्या कापात बीळ असतं आणि जागा फुटली की रांग लागते.

घाटमाथा
घरट्याचा फोटो काढूच नये. चोचीत खाद्य घेऊन पक्षी बाहेरच्या फांदीवर बसून डोकं खालीवर करतोय, आत जात नाही, म्हणजे तुमच्यामुळंच. पिल्लं उपाशी, आणि कापासमोर उभ्या माणसांमुळं साप-मुंगसालाही वाट दाखवली जाते. फांद्या छाटून "मोकळा" करणारे तर... असो. फोनवर आवाज वाजवून बोलावणंही बंद करा. विणीत नर आपली हद्द राखायला धावतो, खाणं सोडतो. टाकताना जागेचं नाव "खानापूर तालुका" एवढंच पुरे, आणि मोबाइलचा फोटो असेल तर त्यातलं लोकेशन काढून टाका.

हलगेकर
वेडा राघूचं बी तसंच न्हवं? नदीकाठच्या वाळूत बिळं असतात.

मलप्रभेकाठ
व्हय. मार्च ते जून तिथं काठावर चालायचं पण नाही, बीळ दबतं. बाकीच्या वेळी राघू सोपा. तो माशी धरून पुन्हा त्याच तारेवर किंवा काडीवर येतो. काडीवर फोकस आधीच धरा, काडीच्या एका बाजूला मोकळी जागा सोडा, आणि वाऱ्याकडं तोंड करून उतरतो हे लक्षात ठेवा. वारा तुमच्या पाठीकडनं असला तर समोरून येतो.

चिकोडीची मुलगी
बजेट कमी असणाऱ्यांना काय? कॉलेजात आहे.

लेथवाला_उद्यमबाग
निकॉन पी ९५० सारखा ब्रिज कॅमेरा (लेन्स अंगचीच, बदलता येत नाही). ८३ पट झूम, ओळख पटवायला उत्तम. सेन्सर छोटा, म्हणून आयएसओ ४०० च्या पुढं पिसं पाण्यात भिजवल्यासारखी दिसतात. सकाळी सूर्य पाठीशी ठेवून जवळ जा, पूर्ण झूमवर जाऊ नकोस. उडता पक्षी त्यात विसर. सेकंडहँड लेन्स घेणार असशील तर आत टॉर्च तिरका मारून बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की दुकानातून बाहेर पड. धूळ चालते, धागे नाहीत.

निपाणीकर काका
हरियल आणि नीळकंठ एकाच पिंपळावर बसले तर फोटो कुठल्या राज्याचा म्हणायचा? एक महाराष्ट्राचा राज्यपक्षी, एक कर्नाटकाचा.

कॅम्पातली अक्का
काका, इथं नको. 😄

फड_चालू_आहे
हरियल पिंपळाच्या शेंड्यावर कोवळ्या उन्हात बसतो, साडेसातच्या आत. नंतर पानात शिरला की हिरव्यात हिरवा. भांडण आपोआप मिटतं.

जांबोटी_क्रॉस
बीनबॅगेतल्या किडक्या तांदळाचं काय केलं शेवटी?

राजहंसगडवाला
गच्चीवर पसरलाय. चिमण्या आल्यात, पोरकिडे आधी वेचतात, तांदूळ नंतर.

लेथवाला_उद्यमबाग
१/१०००, कठड्याच्या उंचीला. आणि धोबी परत आला तर सांगा.