मदत हवी आहे: फेब्रुवारीत होक्काइडो, चौघी जणी आणि उणे वीस

नमस्कार मंडळी,

येत्या फेब्रुवारीत आम्ही चौघी मैत्रिणी जपानच्या होक्काइडो बेटावर पक्षी बघायला निघालोय. विमानाची तिकिटं काढून झाली, व्हिसा आला, आणि आता एकेकीचे हातपाय गार पडायला लागलेत. तेही पुण्यातल्या पुण्यात! वयं सत्तेचाळीस ते एकसष्ट. पक्षिनिरीक्षणाचा अनुभव भिगवण, कवडीपाट, नांदूर मध्यमेश्वर आणि एकदा भरतपूर. थंडीचा अनुभव म्हणाल तर भरतपूरची जानेवारीतली पहाट. तिथे सायकलरिक्षात बसून आम्ही दोन-दोन शाली पांघरल्या होत्या. बर्फ चौघींपैकी एकीनेच पाहिलाय, तोही मनालीला, भाड्याच्या गमबुटात.

आता बेत सांगते. जायचंय ते तीन पक्ष्यांसाठी: तांचो म्हणजे लाल टोपीवाला क्रौंच, स्टेलरचा समुद्री गरुड, आणि नशिबात असलं तर ब्लॅकिस्टनचं मत्स्य घुबड. बाकी जे दिसेल ते प्रसाद. होक्काइडोत सात रात्री आहेत. टोकियोहून विमानाने कुशिरो. पहिल्या दोन रात्री त्सुरुई गावात क्रौंचांसाठी, तिसरी कुश्शारो तळ्याकाठी हंसांसाठी, चौथी उतोरो, पाचवी राउसू, सहावी नेमुरो, सातवी परत कुशिरो. नकाशावर उतोरो आणि राउसू शिरेतोको द्वीपकल्पाच्या दोन बाजूंना अगदी पाठीला पाठ लावून बसलेत, मधे एक घाट. तीसेक किलोमीटर. म्हणजे तासाभरात पोचू, असा आमचा हिशोब.

प्रश्न असे आहेत. गाडी भाड्याने घेऊन आम्हीच चालवावी का? दोघी पुण्यात रोज चालवतात, म्हणजे हिंमत कमी नाही. पण बर्फावर कधीच नाही. आंतरराष्ट्रीय परवाना काढायला आरटीओत जायच्या आधी विचारून घ्यावं म्हटलं. दुसरं, माझी बोटं थंडीत पांढरीफटक पडतात, पुण्याच्या डिसेंबरातसुद्धा. क्रौंच बघायला पहाटे पुलावर दीड-दोन तास उभं राहायचं तर काय करू? तिसरं, आमच्यातली एक पक्की शाकाहारी आहे, कांदा-लसूण चालतो पण अंडंसुद्धा नाही.

आणि चौथा प्रश्न, ज्यावरून आमच्यात खरोखरच वाजलंय. त्सुरुईला क्रौंचांना मका टाकतात ते एक, आणि राउसूला बर्फात नेणाऱ्या बोटींवरून गरुडांना मासे टाकतात, म्हणून ते इतक्या जवळ येतात. आमच्यातल्या एकीने गेल्या वर्षी भिगवणला कुरवांना (म्हणजे सीगलना) शेव-फरसाण टाकणाऱ्या एका अख्ख्या कुटुंबाला असं झापलं होतं की त्यांनी पुडी परत पिशवीत घातली. आता तिचं म्हणणं, मी त्या बोटीत पाय ठेवणार नाही, ठेवला तर त्या कुटुंबाची माफी मागावी लागेल. बाकी दोघी म्हणतात की एवढे पैसे खर्चून जायचं आणि किनाऱ्यावरून ठिपके बघायचे? मी मधे लटकलेय. जाणकारांनी कृपया सांगावं.

पाणकावळा:
मका टाकला की क्रौंच, मासा टाकला की गरुड, फरसाण टाकलं की कुरव. आणि मिसळ टाकली की पुणेकर. चालायचंच!
(गंमत केली, रागावू नका. वाचतोय.)

उत्तरेकडची:
ताई, सहा वर्षं साप्पोरोत काढलीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी ते उतोरो ते राउसूचं प्रकरण. तो घाट हिवाळ्यात पूर्ण बंद असतो, थेट वसंतात उघडतो. फेब्रुवारीत तुम्हाला शारीवरून उलट फिरून दुसऱ्या घाटाने शिबेत्सुला उतरावं लागेल, म्हणजे तीसच्या जागी सव्वाशे-दीडशे किलोमीटर. हिमवादळ आलं की तो दुसरा घाटही बंद करतात. उतोरो सरळ काढून टाका. नेमुरोही काढा. बदकं छान मिळतात तिथे, पण तुमच्या तीन पक्ष्यांत ती नाहीत. वाचलेल्या रात्री सगळ्या राउसूला द्या. निदान तीन.

कारण असं की तिथला बर्फ जागेवर बसून नसतो. तो ओखोत्स्क समुद्रातून वाहत येतो आणि वारा जिकडे ढकलेल तिकडे जातो. काल संध्याकाळी बंदरापर्यंत पांढरं होतं आणि आज पहाटे सगळं निळं, असं मी स्वतः पाहिलंय. वारा फार असला तर बोटी सुटतच नाहीत. एक रात्र ठेवलीत तर तो जुगार आहे. बोट पहाटे अंधारात निघते, सूर्योदय सव्वासहाच्या आसपास, समोर कुनाशिरी बेटामागून. त्या उजेडात बर्फाच्या तुकड्यांवर बसलेले गरुड बघितले की थंडी विसरायला होते. दोन मिनिटं. मग परत आठवते.

गाडीचं म्हणाल तर आपला भारतातला आंतरराष्ट्रीय परवाना तिथे चालतो आणि वाहतूक डावीकडूनच आहे. भाड्याच्या गाड्यांना हिवाळ्यात बर्फाचे टायर लावलेलेच असतात. तरीही माझं प्रामाणिक मत: ज्यांनी बर्फावर कधी चालवलं नाही त्यांनी पहिलाच प्रयोग फेब्रुवारीत पूर्व होक्काइडोत करू नये. पांढरा बर्फ दिसतो तरी. चकचकीत ओला रस्ता वाटतो तो खरा धोका, तो बर्फाचा काचेसारखा थर असतो. शिवाय हरणं. संध्याकाळी पावणेपाचलाच अंधारतं आणि हरणं तेव्हाच रस्त्यावर येतात. ड्रायव्हर-वाटाड्या घेऊन चौघींत खर्च वाटला तर फार जड जाणार नाही.

चालवणारच असाल तर काही गोष्टी. रस्त्याच्या कडेला उंच खांबांवर लाल-पांढरे बाण खाली टोक करून लटकवलेले असतात. ते रस्त्याची कड दाखवतात. बर्फाने सगळं एकसारखं झालं की त्यांच्याच भरवशावर चालवायचं. रात्री गाडी लावताना वायपर उभे करून ठेवा आणि हँडब्रेक ओढू नका, गोठतो. बर्फात अडकलात आणि इंजिन चालू ठेवायचं असेल तर आधी उतरून धुराड्याभोवतीचा बर्फ काढा, नाहीतर विषारी धूर गाडीत येतो. हे शेवटचं घाबरवायला नाही लिहिलेलं.

नाशिककर:
दोन वर्षांपूर्वी आम्ही तिघे जाऊन आलो. वरच्या ताईंनी रस्त्याचं सांगितलंय ते शंभर टक्के. मी पायांचं सांगतो.

त्सुरुईजवळ ओतोवा नावाचा पूल आहे, सेत्सुरी नदीवर. नदी झऱ्यांच्या पाण्यामुळे गोठत नाही, म्हणून क्रौंच रात्री उथळ पाण्यात उभे राहून झोपतात. पहाटे नदीवर वाफ, काठच्या झाडांवर पांढरं दव गोठलेलं, आणि त्या वाफेत राखाडी सावल्या. आम्ही गेलो तेव्हा उणे एकवीस होतं. माझे बूट महागाचे होते, पण आत दोन जाड मोजे कोंबले होते. घट्ट बुटात रक्तच फिरत नाही, मग मोजे कितीही घाला. चाळीस मिनिटांत बोटं बधिर. शेजारी एक जपानी आजोबा फोमच्या तुकड्यावर निवांत उभे होते. दुसऱ्या दिवशी मीही खोक्याचा जाड पुठ्ठा नेला, आणि काय फरक पडला! तुम्ही घरची जुनी योगा मॅट कापून न्या. बूट एक नंबर मोठे घ्या. अंगाला लागून सुती काही नको, घाम धरून ठेवतं. लोकरीचं किंवा थर्मल. आणि तिथल्या दुकानात काइरो मिळतात, हवा लागली की तापणाऱ्या पुड्या. त्या थेट कातडीला लावू नका, भाजतं. बोटं पांढरी पडतात हे मात्र जायच्या आधी डॉक्टरांना दाखवाच. हातमोजे बोटांचे नकोत, थैलीसारखे घ्या, आत पातळ जोडी.

कॅमेऱ्याची बॅटरी थंडीत पटकन बसते, जास्तीची आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा. आणि बाहेरून आलात की कॅमेरा, दुर्बीण बाहेरच पिशवीत बंद करून मग खोलीत न्या. मी तसं केलं नाही. माझ्या लेन्सच्या आत धुकं धरलं आणि सकाळचा हंसांचा कार्यक्रम मी नुसत्या डोळ्यांनी केला.

सर्दीची औषधं नेताना पाकीट वाचा. स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांहून जास्त असलेली औषधं जपानमध्ये नेता येत नाहीत.

शाकाहाराचं अवघड आहे. भाजीच्या सुपातसुद्धा माशाचं पाणी असतं आणि त्यांना ते मासा वाटतच नाही. नेमकं जपानीत लिहून घेतलेलं कार्ड जवळ ठेवा. आमच्या मित्राने मेतकूट नेलं होतं. तिकडचा भात मऊ, चिकट, गरम. मेतकूट-भात तिथे जितका छान लागला तितका घरीही लागत नाही, असं तो आजही बायकोसमोर म्हणतो.

उत्तरेकडची:
खाऊ घालण्याच्या मुद्द्यावर राहिलं होतं. तुमच्या मैत्रिणीचा राग मला पटतो, पण भिगवणची शेव आणि त्सुरुईचा मका एका तराजूत घालू नका. तांचो जपानमधून संपलाच असं लोक धरून चालले होते. १९२४ मध्ये कुशिरोच्या दलदलीत मोजके सापडले. १९५२ च्या गणतीत ३३ भरले. त्याच सुमारास हिवाळ्यात गावच्या शेतकऱ्यांनी मका टाकायला सुरुवात केली, आणि आज ते दीड हजारांच्या वर आहेत. मका टाकला नसता तर तुम्ही तिकीट काढलंच नसतं. त्यातूनच नवा प्रश्न आलाय: सगळे एकाच जागी जमतात, रोग आला तर एकदम पसरेल. म्हणून आता सरकारनेच मका कमी करत आणलाय, पक्षी पांगावेत म्हणून. आयनू, म्हणजे होक्काइडोचे मूळ रहिवासी, या पक्ष्याला दलदलीचा देव म्हणतात. देवाचा नैवेद्य कमी करणं सोपं नसतं.

घुबडाचंही तसंच. होक्काइडोत ती जेमतेम दोनशेच्या घरात. जंगलात जुनी पोकळ झाडं उरली नाहीत, म्हणून त्यांच्यासाठी पेट्या बसवतात आणि काही ठिकाणी सरकारी कार्यक्रमातच मासे पुरवतात.

गरुडांची बोट मात्र पर्यटकांसाठी आहे, तिथे मला सबब सापडत नाही. मी दोनदा गेलेय आणि दोन्ही वेळा फोटो सुंदर आलेत, हेही कबूल करते. पण राउसूला गरुड बोटीशिवायही दिसतात, आणि ठिपके नव्हे. बंदराच्या भिंतीवर, किनाऱ्यालगतच्या झाडांवर, कधी दिव्याच्या खांबावर. अडीच मीटरपर्यंत पंखांचा पसारा, पिवळीधमक चोच. दुर्बिणीतून तर डोळ्यातला रागही दिसतो. शिबेत्सुच्या बाजूला नोत्सुके नावाची पंचवीसेक किलोमीटर लांब वाळूची जीभ समुद्रात गेलीय, तिथेही गरुड, कोल्हे आणि नशीब असेल तर हिमभारीट हा छोटा पक्षी. नेमुरोऐवजी ते करा.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे मनापासून आभार. पाणकावळा, तुमचेही. मिसळीचं आमच्या ग्रुपवर टाकलं, दोघींनी अजून उत्तर दिलेलं नाही.

काल बसून बेत मोडला. त्सुरुई दोन, कुश्शारो एक, राउसू तीन, कुशिरो एक. उतोरो आणि नेमुरो गेले. ड्रायव्हर घ्यायचं ठरलं. गाडी चालवणाऱ्या दोघी थोड्या हिरमुसल्या, पण धुराड्याचं वाचून गप्प झाल्या. घुबडासाठी नदीकाठच्या एका छोट्या सरायीत एक रात्र मिळतेय का, विचारलंय. तिथे स्वतःचा फ्लॅश चालत नाही आणि पक्षी रात्री दोनलाही येऊ शकतो, असं त्यांनी आधीच कळवलं.

बोटीचा निकाल असा लागला: दोघी बोटीत, दोघी बंदराच्या भिंतीवर. मी भिंतीवर. बोटीतल्या दोघींनी फोटो दाखवायचे नाहीत, निदान नाश्ता होईपर्यंत, अशी अट झापणाऱ्या मैत्रिणीने घातलीय.

वाचनात एक आलं. कुशिरोची दलदल हे जपानचं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, १९८० चं. आपल्या महाराष्ट्राचं पहिलं नांदूर मध्यमेश्वर, २०२० मध्ये जाहीर झालेलं. नाशिककर, तुम्ही दोन्हीकडे उभे राहिलात की!

आता एकच राहिलं. योगा मॅट किती जाड हवी? घरात सहा मिलिमीटरची आहे आणि ती कापायला नवरा तयार नाही.

नाशिककर:
सहाची चालेल, दुहेरी घडी करा. नवऱ्याला पुठ्ठा द्या.